अकरा दमलेले शिपाई

दादाने विचारलं, "तुला हे कोणी सांगितलं?" आणि मी मूर्खासारखा हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. पण टेबलावर काय होतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही हसाल.

मी जन्मभर कवळ्या केल्या. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवायचे, मी मेणात एकेक दात बसवायचो आणि कवळी घासूनपुसून परत पाठवायचो. या शहरातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या दातांनी हसतात आणि कौतुक डॉक्टरचं करतात. दोन वर्षांपूर्वी लॅब मुलीच्या हवाली केली आणि हत्यारं तेवढी घरी आणली. मेण कोरायच्या सुऱ्या, बारीक कानशी, चिमटे, भिंगाचा दिवा. त्या हत्यारांनी मी आता लढाया करतो. बोटभर उंचीचे प्लास्टिकचे सैनिक जोडायचे, रंगवायचे आणि लाकडी फळीवर त्यांचं रणांगण उभं करायचं. असे सैनिक करणाऱ्यांचा आमचा एक क्लब आहे, तिथे याला डायोरामा म्हणतात. बायको म्हणते, निवृत्त झालेली माणसं बागेत जातात, आमचे हे आघाडीवर जातात.

लोकांना वाटतं, छंद. छंद वगैरे काही नव्हतं ते. मला दादाकडून एक गोष्ट काढून घ्यायची होती आणि सरळ बोटाने तूप निघत नव्हतं.

आम्ही तिघे भाऊ. दादा थोरला, मी धाकटा, आणि आमच्यामध्ये जो होता त्याला घरात सगळे झोप्या म्हणायचे. आई म्हणायची, चोर शिरले तर याला अंथरुणासकट उचलून नेतील आणि हा सकाळी चोराच्या घरी चहा मागेल. त्याची एक खोड होती. पायांवर वजन असल्याशिवाय त्याला झोप लागायची नाही. लहानपणी ते वजन म्हणजे मी. तो आडवा व्हायचा, मला मांड्यांवर बसवायचा, ‘हलू नकोस’ म्हणायचा आणि घोरायला लागायचा. मी पाढे म्हणत बसायचो. सतराच्या पाढ्यापर्यंत माझेच पाय बधिर व्हायचे. दादा तेव्हा बाहेरच्या खोलीत अभ्यासाला बसलेला असायचा, त्याला आमचे हे उद्योग माहीत नव्हते.

दादा आणि झोप्या एकाच पलटणीत होते. छत्तीस वर्षांपूर्वी सरहद्दीवर लढाई झाली. दादा परत आला, झोप्या आला नाही. झोप्याचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. दादाने दारातच उभं राहून वहिनींना, झोप्याच्या बायकोला, सांगितलं की गोळी कपाळात लागली, त्याला कळलंसुद्धा नाही. एवढं बोलून त्याने पाणी मागितलं. त्यानंतर या विषयावर जी अळीमिळी गुपचिळी झाली ती झालीच.

वहिनी ते वाक्य धरून उभ्या राहिल्या. लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी कामाला लागल्या, आज ती लाँड्री त्यांची आहे. कोणी नवऱ्याबद्दल विचारलं की कपाळावर बोट ठेवून सांगतात, इथे लागली, त्यांना कळलंसुद्धा नाही. सांगताना त्यांचा आवाज हलत नाही.

माझा त्या वाक्यावर कधीच विश्वास बसला नाही. भाऊ डोळ्यांदेखत गेला तर माणूस रडतो, शिव्या देतो, दहा वेळा तेच तेच सांगतो. दादाने यातलं काही केलं नाही. एवढंच झालं की तो खुर्चीला पाठ टेकून बसेनासा झाला. बसमध्ये, डॉक्टरकडे, आमच्या स्वयंपाकघरात, कुठेही बसला तरी कडेवर आणि ताठ. लोक म्हणायचे, फौजी शिस्त. मला वाईट संशय होता आणि तो आता सांगून टाकतो. मला वाटायचं, दादा त्याला टाकून पळाला.

म्हणून मी सैनिक करायला घेतले आणि शंका घेऊन दादाकडे जायला लागलो. दादा, दमलेला माणूस बंदूक कशी धरतो? दादा, घामाने शर्ट कुठे काळा पडतो? दादा म्हणायचा, पुस्तकात बघ. मी पुस्तकात बघायचो.

असंच एका जुन्या पुस्तकात मला तो फोटो सापडला. दुसऱ्या महायुद्धातला, पॅसिफिक महासागरातल्या कुठल्याशा बेटावरचा. बेट जिंकून झालंय आणि जिंकणारे वाळूत बसलेत. एकाच्याही चेहऱ्यावर आनंद नाही. एकजण बुटातली वाळू काढायला बसलाय आणि बूट हातात तसाच धरून राहिलाय. हे बघितल्यावर दादाला बोलावंच लागेल असं मला वाटलं.

चार महिने खपलो. कवळ्यांना पॉलिश करायची पूड असते, ती वाळू म्हणून पसरली. शेंडे उडालेली नारळाची झाडं केली. समुद्रासाठी पारदर्शक ॲक्रिलिक ओतलं, त्यात पहिल्यांदा चुकून हिरड्यांचा गुलाबी रंग मिसळला आणि किनाऱ्याच्या हिरड्या सुजल्यासारखं दिसायला लागलं, तो सगळा समुद्र खरवडून पुन्हा केला. माणसं अकरा. दहा बसलेली किंवा उभी, एक झोपलेला.

झोपलेला मला कुठल्याच खोक्यात मिळेना. सैनिक विकणाऱ्या कंपन्या धावणारे विकतात, गोळी झाडणारे विकतात, जखमी आणि मेलेले विकतात. नुसता झोपलेला माणूस कोणाला विकत हवाय? मग आम्ही क्लबवाले करतो तेच मी केलं. जखमींच्या खोक्यातला एक मेलेला घेतला. त्याचे दोन्ही हात मांडीवरच्या जखमेवर होते, ते कापून बाजूला वाळूत टाकल्यासारखे चिकटवले. मांडीवरचं बँडेज कानशीने घासून काढलं. जबडा सुटलेला होता तो तसाच ठेवला, म्हटलं घोरतोय. पण घासता घासता मांडीला खड्डा पडला. पुट्टी भरली, रंग दिला, तरी भिंगाखाली दिसायचाच. आमच्या क्लबमध्ये एक परीक्षक आहेत, त्यांना आम्ही बटणवाले म्हणतो, कारण ते सैनिकाच्या कोटाची बटणं मोजून गुण देतात. त्यांना खड्डा दिसला असता तर माझी वर्षभर सुटका नव्हती. म्हणून बसलेला एक शिपाई उचलला आणि त्याची पाठ झोपलेल्याच्या मांड्यांना टेकवून चिकटवून टाकला. खड्डा झाकला गेला. वर दोघं मित्र वाटायला लागले. मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

दादा दर गुरुवारी दुपारी चहाला येतो. माझी रणांगणं असतात त्या मागच्या खोलीत पाऊल टाकत नाही, स्वयंपाकघरात बसतो. त्या गुरुवारी मी डायोरामा स्वयंपाकघराच्या टेबलावर आणला होता, कारण खिडकीचा उजेड तिथे चांगला येतो आणि मला क्लबच्या प्रदर्शनाच्या अर्जाला फोटो लावायचे होते. बायको बहिणीकडे गेली होती, नाहीतर तिने मला माझ्या बेटासकट बाहेर काढलं असतं. दादाच्या नजरेला पडावं असंही मनात होतंच, खोटं कशाला बोलू.

मी ओट्याशी चहा गाळत होतो. दादा आल्याचं कळलं, पण खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. वळून बघतो तर तो टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून उभा. तोंड लॅबमधल्या प्लास्टरसारखं पांढरं.

"तुला हे कोणी सांगितलं?"

मी हसलो आणि म्हणालो, काय कोणी सांगितलं? त्याने बोट पुढे नेलं आणि त्या दोघांच्या वर, न टेकवता, धरून ठेवलं.

"मी टेकून बसलो होतो ते."

माझ्या हातातली गाळणी सिंकमध्ये पडली. पायाखालची जमीन सरकणं हा शब्दप्रयोग मी शाळेपासून वापरत आलोय, त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "दादा, तो झोपलाय."

"मीही तेच म्हणालो," दादा म्हणाला.

मग त्याने सांगितलं. बसला नाही, चहाला हात लावला नाही, माझ्याकडे बघितलं नाही. सगळं त्या बेटाकडे बघत सांगितलं.

दोन दिवस ते एका उघड्या बोडक्या टेकडीसाठी लढत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी टेकडी मिळाली. ऊन इतकं होतं की दगडाला हात लावता येत नव्हता. जो जिथे होता तो तिथेच बसला. झोप्या म्हणाला, कुशीत काहीतरी टोचतंय. दादाने बघितलं तर शर्टाला चण्याएवढं भोक होतं, रक्त म्हणावं तर एक डाग. दादा म्हणाला, खरचटलंय, झोप थोडा. झोप्या लगेच आडवा झाला. नेहमीच व्हायचा. दादाला स्वतःला ताठ बसवेना म्हणून त्याने झोप्याच्या पायांवर पाठ टेकली आणि बिस्किटं काढली. अर्धी खाल्ली, अर्धी झोप्यासाठी रुमालात बांधून ठेवली.

थोड्या वेळाने औषधांची पिशवी घेतलेला शिपाई फिरत आला. कोणी जखमी आहे का विचारलं. झोप्याकडे बघून थांबला, वाकायला लागला.

"मी त्याला हटकलं," दादा म्हणाला. "म्हटलं, याला उठवू नकोस. हा असाच झोपतो."

तो शिपाई पुढे गेला. दोन तासांनी निघायचा हुकूम आला. दादाने रुमाल झोप्याच्या छातीवर ठेवला आणि म्हणाला, ऊठ रे झोप्या, खाऊन घे. पलटणीच्या डॉक्टरने नंतर सांगितलं की रक्त सगळं आत गेलं होतं. वेळेवर बघितलं असतं तर काय, हे दादाने विचारलं नाही आणि डॉक्टरनेही सांगितलं नाही.

छत्तीस वर्षं मी ज्याला पळपुटा समजत होतो तो जागचा हललाच नव्हता. एवढं कळल्यावर शहाण्या माणसाने त्याला जवळ घेतलं असतं. मी मात्र भडकलो. इतका भडकलो की माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"तू त्याला बघू का नाही दिलंस?"

दादाने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तो झोपला होता रे," एवढं बोलला आणि गेला. त्याच्या चहावर साय धरली. संध्याकाळी बायकोने तो कप उचलला तेव्हा मी तिथेच बसलेलो होतो.

शुक्रवारी मला चिमटा धरता येईना. नजर पुन्हा पुन्हा त्या जबड्याकडे जायची. माझं सगळं आयुष्य जबडे बघण्यात गेलंय. झोपलेल्याचा जबडा कसा पडतो आणि मेलेल्याचा कसा, हे मला कळायला हवं होतं. मी मेलेल्याला झोपलेला म्हणून चार महिने रंगवत बसलो होतो आणि वर दादाला जाब विचारला होता. प्रदर्शन रविवारी होतं, वाचनालयाच्या हॉलमध्ये, आणि वहिनी माझं एकही प्रदर्शन चुकवत नाहीत. मी ठरवलं, हे न्यायचंच नाही. बटणवाल्यांना फोन करून कळवणार होतो की समुद्र फुटला.

शनिवारी सकाळी दादा आला आणि सरळ मागच्या खोलीत शिरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. फळीवरची रणांगणं त्याने बघितलीही नाहीत. स्टूल ओढलं, बेटासमोर बसला आणि म्हणाला, "एक माणूस कमी आहे."

मी काही न समजल्याचा आव आणला नाही. विचारलं, कुठून येतोय तो? दादाने झोपलेल्याच्या डोक्याच्या बाजूला बोट ठेवलं. पिशवी डाव्या खांद्यावर, बाह्या दुमडलेल्या, एक गुडघा खाली टेकलेला. सगळं त्याला तोंडपाठ होतं. मग म्हणाला, "आणि याने कोणाला विचारायचं नाही. सरळ हात लावायचा. इथे." त्याने स्वतःच्या जबड्याखाली दोन बोटं ठेवून दाखवलं.

मी म्हणालो, उद्या वहिनी येतील. तो म्हणाला, माहीत आहे, म्हणून तर. मी म्हणालो, दादा, त्या बाई एका वाक्यावर इतकी वर्षं उभ्या आहेत, कशाला आता? त्याने दिवा माझ्या बाजूला सरकवला.

दिवसभर काम केलं. धावणाऱ्या एका सैनिकाचे पाय कापून गुडघ्यात वाकवले, पुट्टीची पिशवी केली, मेणाच्या सुरीने बाह्यांच्या दुमडी पाडल्या. हाताची दोन बोटं वेगळी करायला दोन तास गेले. दादा ताठ बसून मागेन ते हत्यार देत होता. शेवटी ती बोटं झोपलेल्याच्या गळ्याला टेकवली आणि डिंक वाळेपर्यंत मी चिमटा धरून ठेवला. दादा उठून खिडकीपाशी गेला.

रविवारी हॉलमध्ये नेहमीची गर्दी. बटणवाले आले, वाकले, आणि म्हणाले की पिशवीचं बक्कल उलट्या बाजूला आहे. एरवी मी त्यांना पुस्तकं दाखवून भांडलो असतो. त्या दिवशी म्हणालो, असेल.

वहिनी अकराच्या सुमाराला आल्या. कडक इस्त्रीचे कपडे, खांद्याला पिशवी. माझी तारीफ केली, दादा प्रदर्शनाला आलेला बघून नवल केलं आणि भिंग घेऊन एकेका शिपायाकडे बघायला लागल्या. बुटातली वाळू काढणारा त्यांना आवडला. मग भिंग त्या तिघांवर आलं.

"हा काय करतोय?"

मी तोंड उघडलं. दादाने माझा दंड धरला.

"तपासतोय," तो म्हणाला. "मी तपासू दिलं नव्हतं."

आणि तिथेच, लोक आमच्या मागून येत-जात असताना, त्याने सगळं सांगितलं. माझ्याशी बोलला होता त्याच शब्दांत, एकही कमी न करता. कपाळातली गोळी आपण आपल्या मनाने सांगितली होती, हेही सांगितलं. वहिनींनी भिंग खाली घेतलं नाही.

"किती वेळ बसला होतात?"

"दोन तास."

"अंग गार पडलेलं कळलं नाही?"

"ऊन होतं," दादा म्हणाला. "सगळंच तापलेलं होतं."

वहिनींनी भिंग टेबलावर ठेवलं. ते ठेवताना टेबलाला धक्का लागला आणि नारळाचं एक झाड वाळूत आडवं पडलं. मला वाटलं, आता या दादाच्या थोबाडीत देतील. खरं सांगतो, त्यांनी द्यावी असंही मला वाटलं. त्यांनी उजव्या हाताचं बोट कपाळापर्यंत नेलं, सवयीने, आणि ते तिथेच थांबलं.

"सगळ्यांना मी हेच सांगत आले," त्या म्हणाल्या. मग बोट खाली घेतलं. शेजारच्या टेबलावर कोणीतरी रणगाड्याची चाकं मोजत होतं.

त्या दादाकडे न बघता, बेटाकडे बघत बोलल्या. "त्यांना पायांवर वजन लागायचं झोपायला. तुम्हाला माहीत होतं?"

दादाने मान हलवली. नव्हतं माहीत. माझ्या तोंडून निघून गेलं, मी बसायचो. वहिनी म्हणाल्या, मी गादी गुंडाळून ठेवायचे.

"टेकून बसला होतात ना तुम्ही?" त्या म्हणाल्या. "मग त्यांना लागली असेल झोप."

आणि त्या वळून चालायला लागल्या. त्यांची पिशवी टेबलापाशीच राहिली. मी ती घेऊन धावलो, त्यांना पायऱ्यांवर गाठलं. त्यांनी पिशवी घेतली आणि रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना बघायचं विसरल्या. एका गाडीने हॉर्न वाजवला. त्या पलीकडे पोचेपर्यंत मी तिथेच उभा होतो.

परत आत आलो. भिंतीशी लोखंडी घडीच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. त्यातल्या एकीत दादा बसला होता, पूर्ण मागे सरकून, आणि त्याने पाठ टेकली होती.